एकच प्रथिन, दोन बाटल्या

'सायटोकाइन' हा शब्द आपल्या सीमाभागातल्या घराघरांत आला तो २०२० आणि २०२१ च्या त्या वाईट दिवसांत. पेशंटला 'सायटोकाइन स्टॉर्म' झालाय, असे डॉक्टर सांगायचे आणि नातेवाईक त्यावरचे टोसिलिझुमॅब कुठे मिळते का म्हणून बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोवा असे फोन फिरवत बसायचे. साहजिकच सायटोकाइन म्हणजे काहीतरी विषारी, बाहेरून अंगात शिरणारे, असा अनेकांचा समज झाला तो झालाच.

वास्तविक सायटोकाइन ही आपल्याच पेशींनी बनवलेली छोटी छोटी प्रथिने. एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप, एवढेच त्यांचे काम. कुठे जखम झाली, कुठे जंतू शिरले, की निरोप सुटतो : इकडे या, संख्या वाढवा, आता पुरे. इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन ही याच घराण्यातली नावे. निरोपांचा भडिमार होऊन गोंधळ उडाला की त्याला 'स्टॉर्म' म्हणतात. पण निरोप अपुरा पडला तर काय होते, हे विचारायचे असेल तर ज्या घरात केमोथेरपी चालू आहे त्या घरी जावे.

त्या घराच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, एक छोटा खोका असतो. घरात त्याला 'काउंट वाढवायचे इंजेक्शन' म्हणतात. खोक्यावर नाव असते फिल्ग्रास्टिम, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जी-सीएसएफ, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर. हेही एक सायटोकाइनच. अस्थिमज्जेला 'पांढऱ्या पेशी वाढवा' असा निरोप देणारे.

आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुले-मुली मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी शिकून बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याच्या प्रयोगशाळांत नोकरीला लागली आहेत. अशी एखादी भाची सुट्टीला घरी येते, मावशीचा खोका हातात घेऊन वाचते आणि सहज बोलून जाते, "अगं मावशी, हे तर आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये पण असतंय!" झाले! मावशीच्या डोळ्यांपुढे दर केमोनंतरच्या इंजेक्शनांचे बिल उभे राहते. "मग दोन बाटल्या आणून दे की गे. तेच प्रथिन न्हवं?" भाची म्हणते, "तेच गं, पण तसलं नव्हे," आणि गप्प बसते. कारण पुढचे सांगायचे तर तासभर पाहिजे. तो तासभर आज इथे खर्च करू या. 

काउंट पडतो म्हणजे काय?

आपल्या रक्तात साधारणपणे एका मायक्रोलिटरला चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. कन्नडमध्ये डॉक्टर 'बिळि रक्तकण' म्हणतात त्या याच. त्यांतल्या निम्म्याहून जास्त असतात न्यूट्रोफिल. जिवाणूंवर आणि बुरशीवर पहिला हल्ला करणारी ही फौज. पण हिचे आयुष्य फार थोडे. रक्तात काही तास, फार तर काही दिवस. म्हणून हाडांच्या आतली अस्थिमज्जा (कन्नडमध्ये अस्थिमज्जे) रोज सुमारे शंभर अब्ज नवे न्यूट्रोफिल तयार करत असते. एक दिवसही सुट्टी नाही.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळे, तोंडाच्या आतले अस्तर आणि मज्जेतल्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येते आणि केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट तळाला जातो. न्यूट्रोफिलचा आकडा पाचशेच्या खाली गेला की साधा जंतूसुद्धा जिवावर उठू शकतो. तोही बहुधा बाहेरून आलेला नसतो, पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातला किंवा कातडीवरचा असतो. एरवी जो बिचारा कोपऱ्यात पडून असतो, तोच पहारा उठलेला बघून आत शिरतो.

फिल्ग्रास्टिम येण्यापूर्वी डॉक्टरांपुढे मार्ग दोनच होते. केमोचा डोस कमी करायचा, नाहीतर पुढची केमो लांबणीवर टाकायची. दोन्हींत कॅन्सरला मोकळीक मिळायची. म्हणजे लढाई कॅन्सरशी, आणि माघार घ्यायची ती पांढऱ्या पेशींसाठी!

चायना ग्रासवर उगवलेले ठिपके

या प्रथिनाची गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत डोनाल्ड मेटकाफ नावाचे डॉक्टर १९५४ सालापासून काम करत होते. १९६५ च्या सुमारास मेलबर्न विद्यापीठातले रे ब्रॅडली आणि ते उंदराच्या मज्जेतल्या पेशी बशीत वाढवू लागले. बशीत आगर असायचे. आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास, ज्याची आपण जेली करतो तेच. त्यात मज्जेची एकेक सुटी पेशी अडकून राहायची आणि वाढली तर तिथेच तिच्या लेकीबाळींचा ठिपका तयार व्हायचा. अशा ठिपक्याला 'कॉलनी' म्हणतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या प्लुझनिक आणि साक्स यांनाही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, असेच ठिपके दिसले.

गंमत अशी की नुसत्या चायना ग्रासवर आणि खुराकावर ठिपके उगवत नव्हते. बशीत दुसऱ्या कुठल्यातरी पेशी किंवा त्या पेशी ज्या पाण्यात ठेवल्या होत्या ते पाणी घालावे लागे. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी होते. त्या 'काहीतरी'ला नाव मिळाले कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर, अर्थात वसाहत वाढवणारा घटक. नाव ठेवणे सोपे होते. पदार्थ हातात येणे महाकठीण, कारण तो असायचा अगदी नावापुरता. एका घागरीत मिठाचा कण विरघळावा आणि तो पुन्हा वेगळा काढावा, तसे हे काम. मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात वर्षामागून वर्षे घातली. एक करता करता अशी चार वेगवेगळी प्रथिने निघाली. त्यांतले जी-सीएसएफ निकोला आणि मेटकाफ यांच्या गटाने १९८३ साली शुद्ध केले, तेही उंदरांच्या फुफ्फुसांपासून मिळवलेल्या द्रवातून. त्या उंदरांना आधी जिवाणूंच्या कवचातले 'एंडोटॉक्सिन' टोचलेले असे, कारण ते टोचले की शरीर घाबरून हे निरोप जास्त सोडते. हा एंडोटॉक्सिन शब्द ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

म्हणजे पहिल्या ठिपक्यापासून शुद्ध थेंबापर्यंत अठरा वर्षे. आजच्या हिशेबाने एवढा वेळ कोण देईल, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. मेटकाफ यांना पगार मिळायचा तो व्हिक्टोरिया प्रांतातल्या कॅन्सर निधीच्या एका फेलोशिपमधून. लोकवर्गणीचा पैसा, पण त्यांनी 'औषध कधी देता?' म्हणून तगादा लावला नाही. २०१४ च्या डिसेंबरात मेटकाफ गेले, तेही कॅन्सरनेच. 

कॅन्सरच्या पेशींनीच दिलेली कृती

उंदराचे प्रथिन मिळाले, पण पेशंट माणूस. माणसाचे जी-सीएसएफ पुरेसे आणायचे कुठून? इथे या गोष्टीला एक विलक्षण वळण मिळते. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींचा एक वाण प्रयोगशाळांत वाढवला जात असे. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता : ५६३७. या पेशी काही कारणाने जी-सीएसएफ भरभरून सोडत होत्या. १९८५ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कार्ल वेल्टे आणि सहकाऱ्यांनी त्यांतून मानवी प्रथिन शुद्ध केले. १९८६ साली अमेरिकेतल्या ॲम्जेन कंपनीच्या लॅरी सूझा यांच्या गटाने याच पेशींतून त्याचे जनुक हस्तगत केले. त्याच वर्षी जपानमध्ये नागाता यांच्या गटाने तेच जनुक दुसऱ्या एका वाणातून मिळवले, आणि तो वाण होता तोंडाच्या कॅन्सरचा. गुटखा-तंबाखूमुळे आपल्या भागात ज्या रोगाने घरेच्या घरे पोळली आहेत, त्या रोगाच्या पेशींकडून त्याच रोगाच्या उपचाराला हातभार लावणारी कृती मिळाली!

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृतीच. ती कृती शास्त्रज्ञांनी ई. कोलाय या जिवाणूच्या पोटात घातली. माणसाची कृती, जिवाणूचा स्वयंपाक. अशा रीतीने एकाचे जनुक दुसऱ्यात जोडून बनवलेल्या प्रथिनाला 'रिकॉम्बिनंट' म्हणतात. साधुसंतांच्या घरी कितीही पाहुणे आले तरी भांडे रिकामे होत नाही म्हणतात, तसे हे जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात आणि स्टीलच्या टाकीत रात्रभरात कोट्यवधींचे अब्जावधी होतात.

पण स्वयंपाकी परका असला की चव थोडी बदलते. जिवाणू हे प्रथिन नीट बनवून देत नाही, गोळे करून ठेवतो. लोकरीचा गुंता झालेला गुंडा जसा आधी पुरता उकलायचा आणि मग पुन्हा गुंडाळायचा, तसे या साखळीला आधी उलगडून मग योग्य घडीत परत बसवावे लागते. घडी टिकावी म्हणून साखळीत दोन ठिकाणी निसर्गाने टाके घातलेले असतात, ते त्याच जागी पडावे लागतात. माणसाच्या शरीरातल्या जी-सीएसएफमध्ये १७४ दुवे असतात. जिवाणूने बनवलेल्या फिल्ग्रास्टिममध्ये १७५. सुरुवातीला मेथिओनिन नावाचा एक दुवा जास्तीचा. शिवाय शरीरातल्या प्रथिनाला साखरेचा एक छोटासा गोंडा असतो, तो जिवाणूला लावता येत नाही. सुदैवाने या दोन्ही गोष्टींवाचून काम अडले नाही.

मज्जा मुळातच न्यूट्रोफिल बनवू शकत नाही अशा जन्मजात आजाराची मुले पूर्वी बहुतेक लहानपणीच जात. स्वीडनच्या कोस्टमन यांनी १९५६ साली अशा कुटुंबांचे वर्णन करून ठेवले होते. १९८९ साली अशा मुलांवर या प्रथिनाचा गुण आल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोंडातले फोड भरून आले, वारंवारचे जंतुसंसर्ग थांबू लागले. केमोच्या पेशंटांवरच्या चाचण्याही त्याच सुमारास झाल्या आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत फिल्ग्रास्टिमला औषध म्हणून परवानगी मिळाली. भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००१ मध्ये आपले फिल्ग्रास्टिम बाजारात आणले, पाठोपाठ इतर भारतीय कंपन्या आल्या आणि किंमत मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येऊ लागली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

'फॉर रिसर्च यूज ओन्ली'

आता भाचीच्या फ्रीजरकडे वळू. तिथल्या बाटलीवर लिहिलेले असते 'रिकॉम्बिनंट ह्यूमन जी-सीएसएफ' आणि खाली ठळक अक्षरांत 'फॉर रिसर्च यूज ओन्ली', म्हणजे फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. बाटली बोटाच्या पेराएवढी. आत बघावे तर काहीच दिसत नाही! पाच-दहा मायक्रोग्रॅम पावडर असते, ती काचेला किंवा झाकणाला चिकटून बसते. म्हणून उघडण्याआधी बाटली यंत्रात गरागरा फिरवून पावडर तळाला आणतात. नवशिका विद्यार्थी हे विसरला की हजारो रुपयांचे प्रथिन झाकणासकट कचऱ्यात.

या बाटलीतल्या साखळीचा क्रम औषधातल्यासारखाच असू शकतो. मग फरक कशात? पहिला फरक सोबत्यांत. इतके थोडे प्रथिन पाण्यात घातले तर ते बाटलीच्या भिंतीलाच चिकटून संपते. म्हणून पुष्कळ बाटल्यांत गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मुद्दाम मिसळलेले असते. बशीतल्या पेशींना त्याचे काही वाटत नाही. माणसाला टोचले तर ॲलर्जीची जोरदार प्रतिक्रिया येऊ शकते.

दुसरा फरक त्या एंडोटॉक्सिनचा. ज्याने उंदरांची शरीरे घाबरून निरोप सोडत होती, तेच हे. ई. कोलायच्या कवचाचा तो भाग असतो, आणि प्रथिन काढताना जिवाणू फोडावेच लागतात, तेव्हा तो सांडतो. जिवाणू मेले तरी तो जिवंत असल्यासारखा त्रास देतो. ताप, थंडी वाजणे, रक्तदाब पडणे. उकळून जात नाही, गाळून जात नाही. संशोधनाच्या बाटलीच्या कागदावर पुष्कळदा लिहिलेले असते : 'एका मायक्रोग्रॅममागे एक युनिटपेक्षा कमी'. ऐकायला फार शुद्ध वाटते. पण हिशेब करून बघा. मोठ्या माणसाचा एक नेहमीचा डोस ३०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एंडोटॉक्सिन जवळपास ३०० युनिटपर्यंत असू शकते. इंजेक्शनच्या औषधांसाठी मानलेली कमाल मर्यादा आहे तासाला, किलोमागे, ५ युनिट. साठ किलोच्या माणसाला बरोबर ३००! संशोधनासाठी उत्तम मानलेली बाटली पेशंटला थेट मर्यादेच्या काठावर नेऊन उभी करते. आणि पेशंट कोण, तर ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशी उरलेल्या नाहीत आणि ज्याला ताप आला की डॉक्टरांच्या छातीत धस्स होते तो. हा ताप बाटलीचा की जंतूंचा, हे मग ओळखायचे कसे?

शिवाय त्या ३०० मायक्रोग्रॅमसाठी दहा मायक्रोग्रॅमच्या तीस बाटल्या फोडाव्या लागतील. प्रत्येक बाटली निर्जंतुक भरलेली असेलच असे नाही, कारण तिने तसे वचन कुणाला दिलेलेच नसते.

तिसरा फरक डोळ्यांना आणि नाकाला कधीच कळणार नाही असा आहे. प्रथिनाची घडी थोडी चुकली, काही कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले, तर शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. आणि ती प्रतिपिंडे मग शरीराच्या स्वतःच्या तशाच प्रथिनावरही तुटून पडतात. ही नुसती भीती नाही. डायलिसिसवरच्या पेशंटांना रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोइटिनचे इंजेक्शन देतात, आपल्याकडच्या अनेक घरांना ते ठाऊक आहे. १९९८ मध्ये युरोपात अशा एका औषधातला साधा सोबती घटक बदलला गेला. प्रथिन तेच, कंपनी नावाजलेली, परवानगी रीतसर. तरी पुढच्या काही वर्षांत जगभर दोनशेच्या आसपास पेशंटांची मज्जा तांबड्या पेशी बनवायचीच थांबली, कारण शरीराने स्वतःच्याच एरिथ्रोपोइटिनवर हत्यार उपसले होते. घटना लक्षात आली, कारण शोधता आले, कारण औषधाच्या प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर आणि पेशंटाचा कागद जुळवता येत होता. फ्रीजरमधून पर्समध्ये आलेल्या बाटलीच्या बाबतीत असे कोण शोधणार? भारतातही अशा औषधांसाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक नियम आले आणि २०१६ मध्ये ते सुधारले. आपले फिल्ग्रास्टिम मूळ औषधाशी प्रयोगशाळेत आणि पेशंटांत पडताळून दाखवावे लागते, ते यासाठी.

मावशीच्या बिलाचे काय? तर इथेच खरा धक्का आहे. मायक्रोग्रॅममागे हिशेब केला तर प्रयोगशाळेतली बाटली औषधापेक्षा कितीतरी पट महाग पडते. औषध लाखोंनी बनते, त्यात स्पर्धा आहे, सरकारचा किमतीवर डोळा आहे. संशोधनाची बाटली थोडक्यांत बनते, परदेशातून बर्फात बसून येते. भाचीने आणायचे ठरवले असते तरी एका डोसात तिचा महिन्याचा पगार गेला असता!

मग त्या बाटलीचा उपयोग काय, असे कुणी म्हणू नये. मज्जेतल्या मूळ पेशीपासून न्यूट्रोफिल कसा घडतो, कुठल्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे घडणे कुठे अडते, हे बशीत बघायचे तर निरोप हवाच, आणि तो या बाटलीतून येतो. कोरोनात ज्या आयएल-६ तपासणीचे रिपोर्ट आपण व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत होतो, तसल्या तपासण्यांचे किटसुद्धा मोजमाप लावून घेतात ते अशाच रिकॉम्बिनंट प्रथिनाच्या ठरावीक मात्रेवर. आणि मावशीच्या खोक्यावर '३०० मायक्रोग्रॅम'शेजारी '३० एमआययू', म्हणजे तीन कोटी युनिट, असा जो आकडा असतो, तोही असाच आलेला. उंदराच्या रक्ताच्या कॅन्सरच्या काही पेशी जी-सीएसएफ मिळाले तरच वाढतात. किती औषधावर त्या किती वाढतात, हे ठरलेल्या मानकाशी ताडून युनिट काढतात. औषधात नुसते प्रथिन असून भागत नाही, ते काम करते का, याची साक्ष त्या पेशी देतात. 

घरी आणताना, घरी ठेवताना

फिल्ग्रास्टिम २ ते ८ अंशांत ठेवायचे. म्हणजे फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये मुळीच नाही. गोठले की मोठ्या मेहनतीने घातलेली ती घडी मोडू शकते. फ्रीजच्या दारातही नको, दार उघडझाप होते. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवावे. हुबळीहून किंवा बेंगळुरूहून बसने आणायचे असेल तर थर्मासमध्ये बर्फ घालून त्यालाच खोका चिकटवू नये. मध्ये कापडाची किंवा वर्तमानपत्राची घडी असावी. आणि बाटली हलवून, खळखळवून घेण्याची आपली जुनी खोकल्याच्या औषधाची सवय इथे अजिबात नको. फेस आला की प्रथिन बिघडते. लाइट वारंवार जात असतील त्या गावात डोस एकदम न आणता दोन-दोन आणलेले बरे.

केमो संपल्यावर निदान चोवीस तास गेल्याशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत. आधी दिले तर मज्जेत वाढायला निघालेल्या कोवळ्या पेशी केमोच्याच तावडीत सापडतात. "कंपाउंडर मोकळा आहे, आजच टोचून घेऊ," असे करू नये. प्रत्येक पेशंटाला ते लागतेच असेही नाही. केमो कुठली, वय किती, आधी काउंट किती पडला होता, यावर डॉक्टर ठरवतात. शेजारच्या काकूंना दिले आणि आपल्याला नाही, म्हणून मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही. सहा मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले तर ते पेगफिल्ग्रास्टिम, याच प्रथिनाला एक लांब शेपटी जोडलेले. शेपटीमुळे मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. त्याला संपवतात ते न्यूट्रोफिलच. फौज वाढली की तीच निरोप गिळून टाकते आणि काम आपोआप थांबते. अशी सोय माणसाला सुचली नसती, ती शरीरातच होती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर, मांड्या, छातीचे हाड ठणकू लागते. घरचे घाबरतात, कॅन्सर हाडांत गेला की काय! बहुतेक वेळा ती मज्जा कामाला लागल्याची कळ असते. डॉक्टरांना सांगून गोळी घ्यावी. मात्र डाव्या बरगड्यांखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आली, तर ती प्लीहेची असू शकते. तसे क्वचितच होते, पण ते लगेच दाखवायचे.

पपईच्या पानांचा रस, बीट, डाळिंब, खारीक यांवर आपल्याकडे फार विश्वास. पथ्यात बसत असेल तर डाळिंब खुशाल खावे. पण त्यांपैकी काहीही मज्जेला जी-सीएसएफचा निरोप देत नाही. पपईची पाने लोक घेतात ती डेंग्यूत प्लेटलेटसाठी, आणि प्लेटलेट वेगळ्या, पांढऱ्या पेशी वेगळ्या. केमोच्या दिवसांत घरी काढलेला असा कच्चा रस पोटात जाऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. काउंट खाली असताना हळदीकुंकू, बारसे, गणपतीची गर्दी टाळावी. भेटायला येणाऱ्यांना दारातच हात धुवायला लावण्यात उद्धटपणा नाही.

आणि ताप. १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. फिल्ग्रास्टिम हे तापावरचे औषध नव्हे. फ्रीजमध्ये उरलेला एक डोस आहे, तो टोचून बघू, असेही करायचे नाही. अशा वेळी पहिल्या तासा-दोन तासांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणे यावर सारे अवलंबून असते. हुबळी-बेंगळुरूच्या वॉर्डात नर्स घरी सोडताना कन्नडमध्ये जे पुन्हा पुन्हा बजावतात, "ज्वर बंदरे तक्षण बन्नि," ते मराठी घरांतल्या आजीलासुद्धा पाठ असावे. ताप आला की लगेच या. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

शेवटचा डोस झाल्यावर काउंटचा रिपोर्ट कधी कधी वीस-तीस हजार येतो आणि दोन दिवसांनी तोच निम्म्यावर उतरलेला दिसतो. दोन्ही वेळा घरात पळापळ होते. निरोप थांबला की जादा फौज विरते, म्हणून आकडा उतरतो. दोन्ही रिपोर्ट जपून ठेवावेत, खोक्यावरचा बॅच नंबर फाइलमध्ये चिकटवून ठेवावा आणि पुढच्या फेरीला सगळे डॉक्टरांपुढे ठेवावे.